डोक्यावरची जमीन

हमरस्त्याच्या कडेला, पेट्रोल पंप आणि टायरच्या दुकानाच्या मधोमध, एक घर डोक्यावर उभं होतं. कौलं मातीत रुतलेली, धुराडं अर्धं गाडलं गेलेलं, पायऱ्या आभाळाकडे निघालेल्या. आत शिरलं की माणूस छतावरून चालायचा, पायांत दिव्याची झुंबरं उगवलेली असायची, आणि डोक्यावर टेबल, खुर्च्या, पलंग, पलंगावर घडी न मोडलेली चादर असं सगळं बोल्टांनी आवळून उलटं लटकवलेलं असायचं. लोक लांबलांबून बसने यायचे, माना वर करकरून दमायचे, आणि बाहेर येऊन चहा मागायचे. त्या चहावर, जेवणावर आणि पंक्चरवर अख्खं गाव जगत होतं.

हे घर बांधलं होतं गावातल्या सुतारमिस्त्रींनी, निव्वळ रागाच्या भरात. कुणीतरी म्हणालं होतं की मिस्त्रींनी बसवलेलं दार उलटं आहे. मिस्त्री म्हणाले, दार काय घेऊन बसलात, अख्खं घर उलटं करून दाखवतो. आणि दाखवलं. त्या दिवसापासून त्यांचं नावच उलटेमिस्त्री पडलं. याला आता एकतीस वर्षं झाली. मिस्त्रींचे गुडघे गेले, शिडी सुटली, आणि ते तिकिटाच्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचं काम तेवढं मन लावून करू लागले. घर चालवत होती त्यांची सून. मुलगा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. गाव तिला सूनबाईच म्हणायचं. तिच्याहून वयाने मोठे आणि लहान, सगळेच.

आता त्या घराची एक गंमत होती. मिस्त्रींनी पहिल्या दिवसापासून कामगारांना दटावून ठेवलं होतं की घर उलटं असलं तरी त्याच्या प्रत्येक भागाला मूळ नावानेच हाक मारायची. म्हणजे डोक्यावर जिला फर्निचर लटकलेलं, ती जमीन. पायाखाली जे तुडवायचं, ते छत. ‘छत झाडून घे’ म्हटलं की झाडणारी खाली वाकायची, आणि ‘जमीन पुसायची राहिली’ म्हटलं की शिडी आणायची. पुढे पुढे सगळ्या गावाचीच जीभ तशी वळली. सूनबाईच्या लेकीने, बबडीने, पहिलीत असताना ‘आपण कशावर चालतो?’ या प्रश्नाला ‘छतावर’ असं उत्तर लिहून मार्क घालवले होते, आणि मिस्त्री शाळेत जाऊन मास्तरांशी भांडून ते मार्क परत घेऊन आले होते.

सोमवारी सूनबाईला स्वयंपाकघरात कुरकुर ऐकू आली. स्वयंपाकघराच्या जमिनीला, म्हणजे डोक्यावर, एक बिडाची शेगडी टांगलेली होती. चार बर्नरची, पोटात भट्टी असलेली, चार गड्यांनी उचलायची. मिस्त्रींचा तिच्यावर भारी जीव. सूनबाईने मान वर करून बघितलं, तर मागचा एक पाय फळीपासून केसभर सुटल्यासारखा वाटला. नेहमीचा फिटर गेल्याच साली मुलाकडे राहायला गेला होता. पंपाजवळच्या गॅरेजमध्ये नवा फिटर येऊन दोनच महिने झाले होते. तिने त्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली: ‘स्वयंपाकघरातल्या जमिनीचे बोल्ट ढिले झालेत. आवळून घेणे.’ मंगळवारी ती मिस्त्रींना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. संध्याकाळी परत आली तेव्हा फिटर गॅरेजमधूनच ओरडला, “झालं काम, वहिनी!” तिने हात वर केला आणि घरात गेली. शिडी लावून बघायला हवं होतं. तिला ते कळत होतं, तरी तिने कंटाळा केला.

बुधवारी सकाळी साडेदहाला बस आली. सेवानिवृत्त नर्सबायकांची सहल होती, अडतीस जणी, आणि त्यांच्या पुढे कडक इस्त्रीच्या साडीतल्या मेट्रनबाई. मेट्रनबाईंनी शिट्टी न वाजवताच सगळ्या जणी रांगेत उभ्या राहिल्या. बबडीने त्यांच्या बारा बाराच्या तुकड्या पाडल्या आणि पहिली तुकडी आत नेली. वीस वर्षांची पोर, तोंडाने फटाकडी. आईपेक्षा चांगली गाईड निघणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. सूनबाईलाही दिसत होतं, आणि ती ते कधी बोलून दाखवत नव्हती.

स्वयंपाकघरात फोटो काढायची जागा होती. शेगडीच्या बरोबर खाली रबराची चटई, चटईवर दोन पावलं रंगवलेली. त्या पावलांवर उभं राहून उडी मारायची, वर हात करायचे, आणि फोटो नंतर उलटा धरायचा. म्हणजे माणूस तापल्या शेगडीवर डोक्यावर पडतोय असं दिसायचं. या फोटोपायीच निम्मे लोक यायचे.

पहिली तुकडी हसत बाहेर आली. दुसरी आत गेली, तीही आली. तिसरी गेली. सूनबाई अंगणात उरलेल्या बायकांना पाणी देत होती, तेवढ्यात फिटर हात पुसत आला.

“वहिनी, त्या चिठ्ठीचं काम बघितलंत का? बोल्ट तसे काही फार ढिले नव्हते हं. मी त्यांच्यावर उभा राहून चांगला नाचून बघितलं. तरी प्रत्येकाला अर्धा अर्धा आटा दिलाच. आता हत्ती नाचवा.”

सूनबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“कशावर उभं राहून नाचलात?”

“जमिनीवर. दुसरं कशावर नाचणार?”

लोकांच्या पायाखालची जमीन सरकते. सूनबाईच्या डोक्यावरची सरकली. त्याने छताचे बोल्ट आवळले होते. पायाखालच्या फळ्यांचे. शेगडीला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. आणि उलट, इतकी वर्षं त्या फळ्या जरा ढिल्या होत्या म्हणून उडीचा हादरा फळ्यांतच जिरून जात होता. आता त्या पक्क्या झाल्या, म्हणजे प्रत्येक उडी चारी खांबांतून थेट वर जात होती. दोन तुकड्यांच्या चोवीस उड्या झाल्या होत्या. आतून बायकांचा सूर आला, “एक, दोन, तीन!” आणि धप्प. मग हशा.

सूनबाईच्या मनात पहिलं आलं ते ओरडावं. ‘पळा, बाहेर या!’ पण त्या घरात पळायचं नाही हा मिस्त्रींचा पहिला नियम होता. बोळ अरुंद, फळ्यांचा. चार माणसं धावली तरी सगळं घर थरथरायचं. बारा जणी एकदम धावल्या असत्या तर जे व्हायचं ते तेव्हाच झालं असतं. तिने चपला काढल्या, तांब्या फिटरच्या हातात दिला आणि चवड्यांवर आत शिरली.

दिवाणखान्यातून जाताना पुन्हा “एक, दोन, तीन!” झालं. तिने बाजूच्या खांबाला हात लावला होता. हादरा तळव्यातून खांद्यापर्यंत आला. ती जागच्या जागी थांबली, डोळे मिटले, उघडले, आणि पुढे गेली. सहा पावलांचा बोळ. तिला वाटलं आपण सकाळपासून त्या बोळातच आहोत.

ती दारात पोचली तेव्हा अकरा जणी भिंतीशी कोंडाळं करून उभ्या होत्या, मेट्रनबाई फोनचा कॅमेरा धरून सज्ज होत्या, आणि चटईवर बबडी उभी होती.

“सगळ्यांचे काढलेस, आता तुझा नको का?” एक बाई म्हणत होती. “मार गं पोरी, मार उडी!”

बबडी हसत होती. गुडघे वाकवून, हात मागे घेऊन, उडीच्या बेतात. तिच्या बरोबर वर शेगडी होती, आणि शेगडीचे मागचे दोन्ही पाय फळीपासून बोटभर सुटले होते. मधून उजेड दिसत होता. पुढच्या एका बोल्टाचा नट शेवटच्या आट्यावर येऊन तिरका झाला होता.

“एक,” बायका म्हणाल्या.

सूनबाईने आवाज काढला, आणि तो रोजच्या खडसावायच्या सुरातच काढला. “बबडे, आधी इकडे लक्ष दे. जमीन ढिली आहे गं.”

अकरा जणींनी आपापल्या पायांकडे बघितलं. एकीने तर टाच आपटून पाहिली आणि म्हणाली, “कुठे? चांगली दणकट आहे की!” ती टाच सूनबाईच्या काळजावर बसली.

बबडीने मात्र पायांकडे बघितलं नाही. तिने मान वर केली.

एक श्वासभर ती तशीच राहिली. तोंडावरचं हसू गेलं नाही, पण त्यातलं रक्त उतरलं. तिने वाकवलेले गुडघे अगदी हळू सरळ केले. ‘आता हो बाजूला,’ सूनबाई मनातल्या मनात तिला म्हणाली. ‘दोन पावलं. दोनच टाक, माझ्या राणी.’

बबडी हलली नाही. तिने दोन्ही हात पसरले.

“मावशांनो, फोटो राहू दे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज सकाळसारखाच खट्याळ होता. “आता शेवटचा खेळ. या घरातून बाहेर पडताना ज्याच्या पावलाचा आवाज होईल, त्याच्या घरी गेल्यावर सगळं सामान छताला चिकटलेलं असेल. चपला हातात. एकेकीने. भिंतीला पाठ घासत जायचं, माझ्या हाताच्या आत कुणी यायचं नाही. ज्या कधी रात्रपाळीला पेशंट उठू नये म्हणून चालल्यात, त्या आधी.”

“अगं बाई, मग आम्ही सगळ्याच की!” एक म्हणाली, आणि सगळ्या जणी तोंडावर हात ठेवून खुसखुसल्या.

तेव्हा सूनबाईला उमगलं की पोर मुद्दाम तिथे उभी आहे. चटई खोलीच्या मधोमध, आणि दाराकडे जाणारा सोपा रस्ता तिच्यावरूनच. बबडी बाजूला झाली असती तर बारा जणी सरळ शेगडीखालून गेल्या असत्या. म्हणून ती हात पसरून, ट्रॅफिक हवालदारासारखी, स्वतः तिथे उभी होती. सूनबाईला तिचा एवढा राग आला की तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिथून ओढून काढावंसं वाटलं. पण मध्ये अकरा जणी होत्या, आणि त्या निघाल्या होत्या.

एक गेली. दुसरी. तिसरीचं वजन भारी होतं, तिच्या पायाखाली फळी जरा करकरली आणि वर कुठेतरी तिला कुरकुरीने उत्तर दिलं. बबडीच्या पापण्या मिटल्या. हात मात्र खाली आले नाहीत. चौथी, पाचवी. सूनबाई दारात उभी राहून प्रत्येकीचा दंड धरून बोळात पाठवत होती आणि हसत होती. नंतर तिचे जबडे दोन दिवस दुखले. आठवी मध्येच थांबून म्हणाली, “माझा चष्मा खिडकीत राहिला बाई.” बबडी म्हणाली, “मावशी, तो मी आणून देते. चला.” अकरावी गेली.

मेट्रनबाई राहिल्या. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, पाऊल उचललं, आणि त्याच क्षणी वरून काहीतरी सुटून चटईवर पडलं. टप्प. बबडीच्या अंगठ्यापासून चार बोटांवर. नट होता.

मेट्रनबाईंनी नटाकडे बघितलं. मग वर बघितलं. चाळीस वर्षं ज्यांनी वॉर्ड सांभाळले होते त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी हात लांब केला, बबडीचं मनगट घट्ट धरलं, आणि बबडीला, मागे न वळता, न धावता, पण एकाही पावलाला न थांबता दारातून बाहेर नेलं. सूनबाई त्यांच्या मागून निघाली. अंगणात उन्हात पोचेपर्यंत कुणी श्वास घेतला की नाही कुणास ठाऊक.

“किती आहोत?” मेट्रनबाईंनी पहिला शब्द काढला. बायकांनी आपले आकडे म्हटले. अडतीस.

गाव तोवर जमलंच होतं. पलीकडच्या खानावळीचा मालक, जो घराच्या समितीचा अध्यक्षही होता, कमरेवर हात ठेवून पुढे आला. फिटरने चाचरत जे सांगितलं ते त्याने अर्धवट ऐकलं.

“पडलं का काही? नाही ना? मग एवढं अवडंबर कशाला? दोन बोल्ट आवळायला किती वेळ लागतो? बारा वाजताची बस येतेय. माझ्याकडे साठ पानं वाढायची तयारी झालीये. घर बंद म्हणालात की पुढच्या वेळी बस इथे थांबणार नाही, सांगून ठेवतो.”

आणि मग तिकिटाच्या खिडकीतून उठून, काठी टेकत स्वतः मिस्त्री आले. “कोण म्हणतं माझा बोल्ट सुटला? एकतीस वर्षं झाली. मी हाताने पिळलेला बोल्ट आहे तो. मी जाऊन त्या शेगडीखाली उभा राहतो, मग बघा.”

ते दाराकडे वळले. सूनबाई त्यांच्या आडवी झाली. दोन्ही हात चौकटीला लावून.

“मामंजी, आत पाऊल टाकायचं नाही.”

एकवीस वर्षं उलट्या घरात वावरून तिने सासऱ्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. मिस्त्रींचा चेहरा लाल झाला.

“बाजूला हो. घर माझं आहे.”

“घर तुमचं आहे. पण तुम्हीही आमचे आहात. नाही होणार मी बाजूला.”

“सूनबाई!”

“मारा त्या काठीने. तरी नाही होणार.”

मिस्त्रींनी खरंच काठी उचलली. ती मारण्यासाठी उचलली की टेकण्यासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कारण तेवढ्यात आतून आधी एक करकर आली, लांबलचक, आणि मग असा दणका झाला की चौकट सूनबाईच्या तळहातांतून थरथरली. बोळातून धुळीचा लोट आला. पायाखालच्या फळ्या फोडून, कौलं फोडून शेगडी थेट मातीत गेली होती. पाठोपाठ भांडी पडण्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

मिस्त्री खाली बसले. मेट्रनबाईंनी विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ त्यांची नाडी धरली. खानावळवाल्याने कपाळावरचा घाम पुसला आणि इकडेतिकडे बघितलं. कुणीतरी सापडायला हवं होतं. फिटर अजून तांब्या हातात घेऊन उभा होता.

“हा!” खानावळवाला त्याच्यावर धावला. “दोन महिने झाले नाहीत येऊन, आणि माणसं मारायला निघाला. काल काय झोपा काढल्यास का रे?”

फिटरने खिशातून चिठ्ठी काढली. “यात जमीन लिहिलं होतं. मी जमीनच आवळली. आईशपथ.”

“अरे जमीन म्हणजे…” खानावळवाला म्हणाला आणि मध्येच थांबला. त्याचं बोट वर गेलं होतं. त्याने ते हळूच खाली घेतलं.

“अक्षर माझं आहे,” सूनबाई म्हणाली. “आणि काम झालं का ते बघायला मी शिडी लावली नाही. त्याला बोलायचं नाही कुणी.”

मिस्त्रींनी हात पुढे केला. फिटरने चिठ्ठी त्यांना दिली. डोळ्यांत कालच औषध घातलेलं, त्यामुळे त्यांनी ती लांब धरून, जवळ धरून, पुष्कळ वेळ वाचली. एकच ओळ होती.

“बरोबर वाचलंस तू, बाळा,” ते शेवटी फिटरला म्हणाले. “शब्द माझा होता.” आणि त्यांनी मान खाली घातली. त्या माणसाने मान खाली घातलेली गावाने पहिल्यांदाच बघितली.

बबडी पंपाच्या कठड्यावर बसली होती. चार नर्सबायकांनी तिला घेरलं होतं, कुणी पाणी पाजत होती, कुणी पाठ चोळत होती. सूनबाई लांबून तिच्याकडे बघत होती. जवळ जायचं धाडस तिला होत नव्हतं. आपण गेलो तर काय करून बसू, थोबाडीत देऊ की पाया पडू, तिचं तिला कळत नव्हतं. आणि तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. बारा वाजताची बस.

खानावळवाला काही बोलायच्या आत सूनबाई अनवाणीच रस्त्यावर गेली आणि दोन्ही हात वर करून बससमोर उभी राहिली. ड्रायव्हरने कचकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढलं.

“काय बाई, जीव नकोसा झालाय का? काय झालं?”

“घर बंद आहे. गाडी इथे लावू नका. पुढे जा.”

“बंद? अहो, आगाऊ ठरवलंय. पन्नास माणसं आहेत माझ्या गाडीत. बंद कशासाठी?”

सकाळपासून ती गाईडच्या आवाजात बोलत होती. त्याच आवाजात तिने सांगायला सुरुवात केली. “आतली शेगडी पडली,” ती म्हणाली. “बिडाची. ती पडली तेव्हा आत कुणी नव्हतं. पण त्याच्या आधी तिच्याखाली माझी मुलगी उभी होती.”

हे वाक्य तिने अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडलं मात्र, भर रस्त्यात, बसच्या पुढच्या चाकांसमोर, ती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पंपाकडून कुणीतरी तिच्याकडे धावत येत होतं, आणि पावलं ऐकूनच तिला कळलं की ती बबडी आहे.